सीट सरळ होती

५ जानेवारी

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. आई म्हणाली, दादा फोन वाजला की त्याच्याकडे बघत बसतो, पण कागद आला तर वाचतो. तेव्हा हा कागद.

तुमच्या दुकानासमोर आमच्या हिरव्या सायकलींचा स्टँड आला आणि तुमच्या भाड्याच्या सायकली दुकानातच उभ्या राहिल्या, हे मला ठाऊक आहे. रागावला असाल. पण जागा कुठली ते महापालिकेचे लोक ठरवतात. त्यात माझा हात नाही.

आज शहरात साठ स्टँड आहेत. कार्ड लावायचं, इथली सायकल काढायची, जिथं जायचं तिथल्या स्टँडवर अडकवून चालू पडायचं. तीन वर्षांत असे हजार स्टँड करायचेत आणि ते काम माझ्याकडे आलंय. सायकली पुरवणारे पन्नास भेटतात, पण नुसत्या आवाजावरून सायकलीचं दुखणं ओळखणारा माणूस मला एकच माहीत आहे. कार्यशाळेचे प्रमुख म्हणून याल का? हाताखाली बावीस मेकॅनिक असतील. आईलाही वाटतं तुम्ही यावं. तिने तसं म्हटलं नाही, पण दोनदा विषय काढला.

तुमचा,
भाचा

१२ जानेवारी

चि. भाचेबुवा, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, उतारावर ब्रेक सुटल्यासारखं.

जागेचं म्हणशील तर मागे एक माणूस फीत घेऊन माझ्या दारात मोजमाप करत होता. त्याला बसवून चहा दिला. गरम चहा आत गेला की माणसाच्या आतलं बाहेर येतं. म्हणाला, साहेबांनी नकाशावर स्वतः फुली मारली, म्हणाले तिथं सायकलचं गिऱ्हाईक आयतं आहे. कुठले साहेब ते मी विचारलं नाही. तूही सांगू नकोस. मीसुद्धा पहिलं दुकान एका पंक्चरवाल्याच्या नाकासमोरच थाटलं होतं. त्याने मला कधी नोकरी मागितली नाही आणि मीही कधी दिली नाही. त्या मानाने तू बरा.

येतो. पण एक अट आहे. तुला ती पाठ आहे, तरी लिहून देतो, म्हणजे पुढे विसरायची सोय राहणार नाही.

एकतीस वर्षं माझ्या दुकानात एक रीत आहे. भाड्याने नेलेल्या सायकलीत काही बिघडलं, तर आणून लावताना तोंडाने काही सांगायचं नाही. सीट उलटी फिरवायची, टोक मागच्या चाकाकडे. बिघाड सांगायला लोक कचरतात, आपल्याच माथी मारतील म्हणून. सीट फिरवायला कुणी कचरत नाही. उलट्या सीटची सायकल दुसरं कुणी नेत नाही. आणि ती सीट सरळ करायचा हक्क एकाच माणसाचा, ज्याने हातात पाना धरून ती दुरुस्त केली त्याचा. मालकाचाही नाही. एकदा गिऱ्हाईक घाईत होतं म्हणून मीच न बघता सीट सरळ करून दिली होती. त्या माणसाची करंगळी अजून वाकडी आहे. रस्त्यात भेटला की त्याच हाताने नमस्कार करतो. मुद्दाम नव्हे, बिचारा उजवा आहे.

ही रीत तुझ्या हिरव्या सायकलींना लाव, मग मी तुझा नोकर.

कार्यशाळेतून रोज टपालाची पिशवी मुख्य कचेरीत जाते असं ऐकलं. माझं बोलणं तिच्यातून येत जाईल. फोनवर माणूस हो हो म्हणून मोकळा होतो. कागद टेबलावर पडून टोचत राहतो.

तुझा,
मामा

२० सप्टेंबर

ती. मामांना सा. न.

तुम्ही आलात त्याला पावणेदोन वर्षं होतील. काल चारशे बारावा स्टँड सुरू झाला. दुसऱ्या शहरातून पाहुणे आले होते, आमची व्यवस्था बघायला. त्यातल्या एकीने विचारलं, काही सीट उलट्या का? मी तुमची रीत सांगितली. म्हणाल्या, एवढ्या लोकांना शिकवलं कुणी? मी म्हटलं, कुणीच नाही. एकाने केलं, दुसऱ्याने पाहिलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. तेव्हा मला शाळेच्या बक्षीस समारंभात बसल्यासारखं वाटलं.

आई शाळेच्या कचेरीत हल्ली हिरव्या सायकलनेच जाते, तुम्हाला ठाऊक असेलच. खिडकीवर बिननावाचं एका दिवसाचं कार्ड घेते म्हणे. तिच्या नावाचं कायमचं कार्ड मी या आठवड्यात पाठवतो.

एक अडचण आहे, कानावर घालून ठेवतो. करारात अशी अट आहे की स्टँडवरच्या दहातल्या नऊ सायकली लोकांना नेता आल्या पाहिजेत. उलट्या सीटची सायकल कुणी हातात धरत नाही, आणि तक्त्यावर आमचा आकडा घसरतो. संचालकबाई म्हणाल्या, फोटोत ते वाईट दिसतं, दात पडल्यासारखं. काही मार्ग निघेल का?

तुमचा,
भाचा

२ ऑक्टोबर

चि. भाचेबुवास आशीर्वाद.

मार्ग आहे आणि सोपा आहे. सायकली दुरुस्त करा. सीट आपोआप सरळ होतात.

साठ स्टँड होते तेव्हा माझ्याकडे बावीस माणसं होती. आता चारशेवर गेले तरी बावीसच, आणि त्यातल्या चौघांना तुम्ही नव्या स्टँडचे खांब रंगवायला नेलंय. माझ्या माणसांत जेवताना गंमत चालते. एक म्हणतो, कंपनी वाढतेय. दुसरा म्हणतो, हो रे, सूज पण वाढतेच. मी ऐकलं नाही असं दाखवतो. ऐकलं नाही असं दाखवल्याशिवाय पुढचं ऐकायला मिळत नाही.

बाईंना सांग, दात पडलेला दिसतो म्हणून डॉक्टर तरी गाठता येतो. तोंड मिटून हसणाऱ्याचं सगळं आतल्या आत कुजतं.

माझी धाकटी, तुझी आई, काल येऊन गेली. साठीला आली, पण सायकलवरून उतरते ती अजून फ्रॉक घातल्यासारखी. स्टँडवर गेली की आधी सगळ्या सीटवरून नजर फिरवते आणि मगच हात लावते. म्हणाली, "दादा, तुझी खूण बघितली की मला कसलीच भीती वाटत नाही." कार्ड आलं का विचारलं, तर म्हणाली, कामात असेल तो.

मामा

१५ मार्च

ती. मामांना सा. न.

घाईत लिहितोय. ४ एप्रिलला हजारावा स्टँड, मुदतीच्या नऊ महिने आधी! महापौर येणार, मंडप पडणार, सगळ्या शहरात फोटो काढले जाणार. तुम्हाला पास पाठवतो. आईसाठी प्रयत्न करतोय, पण खुर्च्या मोजक्याच आहेत.

सोबत एक परिपत्रक आहे. सही माझी आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून सांगतो. २ ते ४ एप्रिल या तीन दिवसांत सायकली पोचवणारे ट्रकवाले सकाळी सात वाजायच्या आत सगळ्या सीट सरळ करतील. फक्त तीन दिवस, मामा. बिघाड कळवायला फोनवर बटण दिलंय, लोकांनी ते वापरावं. हजार स्टँडच्या शहरात एका दुकानाची रीत किती दिवस पुरणार?

तुमचा,
भाचा

१७ मार्च

साहेब,

परिपत्रक कार्यशाळेत मोठ्याने वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही, यावरून काय ते समज.

माझ्याकडे आता सोळा माणसं उरली आहेत. त्यातलं कुणीही दुरुस्त न केलेल्या सायकलीची सीट सरळ करणार नाही. ट्रकवाले तुझे आहेत, त्यांना मी अडवू शकत नाही. काल एका जुन्या ट्रकवाल्याला समजावलं, तर तो म्हणाला, "काका, तुम्ही म्हणता ते पटतं. पण कागदावर सही तुमची नाही ना."

एका दुकानाची रीत म्हणालास. त्या दुकानाच्या दारात तू फुली मारलीस तेव्हा मी हसून सोडून दिलं, कारण तिथं माझंच नुकसान होतं. हे तसं नाही. लोकांनी जी खूण आपण होऊन एकमेकांना शिकवली, ती तू खोटी करतो आहेस. खूण नसली तर माणूस दोनदा बघतो. खोटी खूण असली तर बघतच नाही.

तीन दिवस म्हणतोस. करंगळीला एक मिनिट पुरलं होतं.

मामा

९ एप्रिल

ती. मामांना सा. न.

तुमची खुर्ची रिकामी राहिली. वाईट वाटलं, पण समजू शकतो. कार्यक्रम मात्र दृष्ट लागण्यासारखा झाला. महापौर स्वतः शंभर पावलं सायकल चालवून आले. पेपरात माझाही फोटो आहे, कोपऱ्यात, पण ओळखू येतो. आईला दाखवा. ती तुमच्याकडे राहायला आल्याचा निरोप मिळाला. बरं केलं, तिलाही विश्रांती. फोनवर आवाज जरा ओढलेला वाटला. तिला यायला पास दिला नाही म्हणून रुसली असेल, तर समजूत काढा. परवाच्या गडबडीत तिचं कार्डही राहून गेलं.

आता कामाचं. ४ तारखेला सकाळी स्टँड क्र. ६१४ जवळ, उतारावर, कुणी एक वयस्क बाई पडल्या. एका रस्त्याने जाणाऱ्याने फोटो टाकलाय आणि ब्रेक लागला नाही असं लिहिलंय. बाईंनी स्वतः तक्रार केलेली नाही. बिननावाचं कार्ड असल्याने कोण ते कळत नाही. सायकल क्र. ४१८८. तुमच्या सहीने एक दाखला हवा, की ही सायकल तपासलेली आणि चालवण्यायोग्य होती. या वयाच्या बायका हौसेने सायकल घेतात आणि तोल जातो, हे तुम्हालाही माहीत आहे. गुरुवारपर्यंत पाठवा.

तुमचा,
भाचा

१० एप्रिल

साहेब,

सायकल ४१८८. तीन तारखेला संध्याकाळी घरी जाताना ६१४ वर थांबलो होतो. तिच्या पुढच्या ब्रेकच्या वायरीचे सगळे तंतू तुटून दोन उरले होते आणि मागची रबरं गुळगुळीत झाली होती. वहीत नोंद केली, सकाळी उचलायला सांगितलं, आणि सीट माझ्या हाताने उलटी केली. सकाळी माझा माणूस पोचायच्या आधी तुझा ट्रक पोचला होता.

त्या वयस्क बाई हौसेने निघाल्या होत्या, हे मात्र तुझं बरोबर आहे. मुलाचा मोठा दिवस होता. पास नसला तरी मागे उभं राहून बघता येईल, आणि त्याच्याच हिरव्या सायकलवरून गेलं तर त्याला गंमत वाटेल, असा बेत होता. स्टँडवर सहा सायकली होत्या. रोजच्यासारखी तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. सहाही सीट सरळ. मला म्हणाली, "मला वाटलं, दादाने बिचाऱ्याने सगळ्या नीट करून टाकल्या."

ती माझ्याकडे राहायला आलेली नाही. सरकारी इस्पितळात आहे, वॉर्ड सात, खिडकीजवळची खाट. खुब्याचं हाड मोडलं, सहा तारखेला ऑपरेशन झालं. नोंद माहेरच्या नावाने केली, तिनेच सांगितलं म्हणून. साहेबाची आई साहेबाच्याच सायकलवरून पडली, हे त्या दिवशी कुणाला कळू नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तुला सांगायचं नाही अशी माझ्याकडून शपथ घेतली. ती मी आज मोडली, कारण तू दाखला मागितलास.

पेपर दाखवला. कोपऱ्यातल्या तुला तिने लगेच ओळखलं.

मामा

१४ एप्रिल

ती. मामा,

तुमचं पत्र वाचून काय वाटलं ते लिहिता येत नाही. त्याच दिवशी आलो होतो. तुम्ही नव्हता. आई झोपली होती, म्हणून उठवलं नाही. तिला खासगी खोलीत हलवायची व्यवस्था केली आहे. मोठ्या डॉक्टरांशी बोललो आहे.

चूक झाली, मामा. मी ती नाकारत नाही. पण आता हे परिपत्रक बाहेर आलं तर माझ्या एकट्याचं जाणार नाही. मंजुरीला गेलेले पुढचे पाचशे स्टँड अडतील, तुमच्या सोळा माणसांच्या नोकऱ्या जातील. फोटोमुळे महापालिकेने विचारणा केली आहे. एका अर्थी बरं की आपलंच माणूस आहे, घरातल्या घरात मिटेल. सोबत आईच्या नावाने छोटा जबाब टाइप करून पाठवतो. सायकल न तपासता घेतली, वयामुळे तोल गेला, कुणाबद्दल तक्रार नाही, एवढंच. तिची सही घ्या. मी समोर उभा राहून घेऊ शकत नाही.

तुमचा दाखला नसला तरी मग चालेल.

भाचा

१८ एप्रिल

साहेब,

जबाब सोबत आहे. सही झाली आहे.

तुला वाटतं तसं मी तिला समजावलं नाही आणि अडवलंही नाही. नुसता कागद दिला आणि खाली धरायला एक पुठ्ठा दिला. तिने चष्मा लावून वाचला. तीस वर्षं शाळेच्या कचेरीत दुसऱ्यांचे अर्ज तपासलेली बाई. म्हणाली, "वय झालं म्हणतोय, म्हणू दे. तोल गेला म्हणतोय, तेही म्हणू दे. तक्रार तर नाहीच. पण न बघता घेतली असं कसं लिहू, दादा? मी बघितली होती." मग सही केली आणि सहीच्या वर, तुझ्या टाइप केलेल्या मजकुराखाली, स्वतःच्या हाताने एक ओळ घातली. तू वाचशीलच. "मी बघून घेतली होती. सीट सरळ होती."

त्या ओळीचा अर्थ शहरात न कळणारा माणूस उरलेला नाही. तेवढी वाढ तुझ्या व्यवस्थेची झाली खरी.

आणखी एक. तू आलास तेव्हा ती झोपलेली नव्हती. डोळे मिटून होती, कारण तू आत यायच्या आधी दारात फोनवर बोलत होतास. "चार तारखेचं प्रकरण आटोक्यात आहे," म्हणालास. आमच्या घरात सगळ्यांचे कान तिखट, हे तू विसरलास. खासगी खोलीत ती जाणार नाही. म्हणते, इथं शेजारच्या खाटांवर बोलायला माणसं आहेत.

कार्यशाळेच्या किल्ल्या याच पिशवीत आहेत. माझ्या वहीचं तीन तारखेचं पान फाडून सोबत ठेवलं आहे. हवं तर जप, नको तर फाड. मला ते पाठ आहे.

मामा

२१ एप्रिल

प्रति,
माजी प्रमुख, कार्यशाळा

विषय: जबाबातील त्रुटीबाबत.

महोदय,
आपल्यामार्फत प्राप्त झालेल्या जबाबात विहित मजकुराव्यतिरिक्त हस्तलिखित भर घातलेली आढळून आल्याने तो स्वीकारता येत नाही. सबब, सोबत कोरी प्रत पाठवण्यात येत आहे. तीवर संबंधित महिलेची सही घेऊन, कोणतीही भर न घालता, उलट टपाली परत करावी.

संबंधित महिलेच्या नावाचे कायमस्वरूपी कार्ड सोबत जोडले आहे.

साहेबांच्या आज्ञेवरून,
स्वीय सहायक

२४ एप्रिल

चि. भाच्यास,

तुझ्या सहायकाचं पत्र मिळालं. या वेळी पत्रसुद्धा तुला दुसऱ्याच्या हाताने लिहावं लागलं. उत्तर मी तुलाच लिहितोय.

धाकटी उद्या घरी येते, माझ्या घरी. चालायला वॉकर मिळाला आहे. त्याच्या एका पायाचं रबर ढिलं होतं, ते बदललं आणि तिच्या हाती द्यायच्या आधी मी स्वतः तो धरून वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितलं. सगळ्या खाटा हसल्या. दुकानाचं शटर सोमवारपासून उघडतोय. समोरच्या तुझ्या स्टँडवर सीट अजून सरळ आहेत, तीन दिवस होऊन वीस झाले तरी. लोक आता प्रत्येक सायकलचा ब्रेक दाबून बघतात, आणि बरेचसे न घेता पुढे जातात.

कार्ड तिने घेतलं. त्यावर आपलं नाव नीट छापलंय का ते बघितलं आणि उशीखाली ठेवलं.

कोरी प्रत परत पाठवतोय, कोरीच. ती धाकटीने वाचली आणि घडी घालून माझ्या हाती दिली. मग म्हणाली, "त्याला कळव, माझी सही एकदा झाली. ती ओळ नको असेल तर त्याने खोडावी. पण सहायकाला सांगू नये. स्वतःच्या हाताने खोडावी."

तो पहिला कागद अजून तुझ्याच टेबलावर आहे.

मामा